ग्राफ शून्यावर आल्यानंतरचं वाक्य

बाबा,

मी तुमच्यावर चिडले आहे, आणि ही चीड माझी स्वतःची आहे की सिगरेट सोडल्याची, हे मला धड सांगता येत नाही. हो, सिगरेट. तुम्ही गेलात तेव्हा मी ओढत नव्हते, त्यामुळे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आता लगेच चष्मा काढून पुसू नका. तुमच्या आठवणीने सुरू केली असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तसं काही नाही. बी.एड.च्या हॉस्टेलवर खोलीतल्या मुलीने एक दिली, मला ती आवडली, एवढंच. त्यानंतर इतकी वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते आहे. तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर फुप्फुसाचं चित्र काढून दरवर्षी शिकवते आणि घरी आल्यावर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लखनौमध्ये बाईमाणसाला यासाठी आडोसा लागतो. तुम्हाला तुमच्या व्हरांड्यातली वेताची खुर्ची होती. आता काही आठवडे झाले, मी ती सोडली आहे. याआधीही सोडली होती, पुष्कळदा. आणि दरवेळी ती परत सुरू होण्यात तुमचा हात होता, हे मला आत्ता कुठे कळलंय. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते आहे.

तुम्ही सोडलीत ते आठवतंय ना? मिरजेहून मामा-मामी आले होते, त्यांना घ्यायला आपण चारबाग स्टेशनवर गेलो होतो. कुली डोक्यावर दोन बॅगा घेऊन पुलावर पोचलाही, मामा पोचले, मामी साडी सावरत पोचल्या, आणि तुम्ही मधेच कठडा धरून उभे. चेहरा राखेसारखा. मी खाली आले तर म्हणालात, "काही नाही, गर्दी आहे." गर्दी कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आलात आणि सिगरेट बंद असं जाहीर केलंत. तुमच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांना त्याचं म्हणे वाईटच वाटलं. लघवीतलं कोटिनीन मोजायची पद्धत तुम्ही तिथे बसवत होता, आणि ओढणाऱ्या माणसाचा हुकमी नमुना म्हणून इतके दिवस तुमचाच वापरला जायचा. आता नवा माणूस शोधायचा कुठून, म्हणून त्यांनी तोंडं पाडली. हे तुम्हीच आम्हाला हसत हसत सांगितलंत. तोवर तुम्ही हसत होता.

त्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला स्वयंपाकघरात जमवलंत. आई कणीक मळते आहे, धाकटा ओट्यावर चढून बसलाय, मी दाराला टेकून उभी. तुम्ही फ्रिजच्या दारावर चुंबकाने ग्राफपेपर लावता, दोन्ही अक्षांवर सुबक अक्षरात नावं लिहिता, आणि आम्ही तुमचे पीएच.डी.चे विद्यार्थी असल्यासारखं समजावून सांगता. निकोटीन हा पाहुणा, दोन-चार तासांत रक्तातून निघायला लागतो. पण लिव्हर त्याचं कोटिनीन करून ठेवतं, ती त्याची वळकटी. पाहुणा गेला तरी वळकटी दारात पडून राहते, आठवडाभर, कधी त्याहून थोडी जास्त. "मी रोज मोजणार. वळकटी गेली की घर आपलं." मग तुम्ही खाकरलात आणि तो नियम सांगितलात, ज्याने माझं पुढचं सगळं आयुष्य नासवलं. "ही रेषा खाली टेकेपर्यंत मी जे काही बोलेन ते माझं धरायचं नाही. टेकल्यानंतरचं सगळं माझं."

"आणि आजवरचं कुणाचं धरायचं?" आईने कणकेचा हात न थांबवता विचारलं. तुम्ही चुंबक सरळ केलंत.

बाबा, दुसऱ्या कुणाच्या घरात असला नियम निघाला असता का हो? इतरांचे वडील सिगरेट सोडतात तेव्हा देवाची शपथ घेतात, नाहीतर मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात. आपल्याकडे माफीसुद्धा मिलिलिटरात मोजायची. आणि आम्ही तो नियम मनापासून पाळला, हा त्यातला आणखी मूर्खपणा. तुम्ही सब्जीवाल्या भैयावर पालकात माती आहे म्हणून असे ओरडलात की तो पुढचे दोन दिवस आपल्या गल्लीत फिरकला नाही. आम्ही फ्रिजकडे पाहिलं आणि सोडून दिलं. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून तुम्ही ताट सरकवलंत, तेव्हा आईनेसुद्धा ते तुमचं धरलं नाही. धाकटा त्या वयातच अर्धा लखनवी झालेला. तो ओट्यावरून पाय हलवत म्हणायचा, "अरे, अभी पापा नहीं बोल रहे, कोटिनीन बोल रहा है।" आणि तुमच्यासकट सगळे हसायचे. रोज संध्याकाळी तुम्ही संस्थेतून यायचात, खिशातून पेन काढून एक टिंब द्यायचात आणि आदल्या दिवशीच्या टिंबाला जोडायचात. रेषा उतरत होती. विकास नगरातल्या त्या दोन खोल्यांत त्या आठवड्यात फ्रिजचं दार हेच आमचं पंचांग होतं.

आणि एक दिवस रेषा टेकली. थंडीचे दिवस होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून जुन्या शहरातल्या चौकात गेलात आणि मक्खन मलाईचे द्रोण घेऊन आलात, केशर वगैरे घातलेले. "झालो मोकळा," असं म्हणालात. आईने तुमची दृष्ट काढल्यासारखं केलं, अर्धं थट्टेनं. आम्ही बोटं चाटून खाल्लं आणि मनात म्हटलं, सुटलो, आता बाबा परत आले.

त्यानंतर चार-सहा दिवसांतलीच गोष्ट. मी तुम्हाला सांगायला आले की मला एम.एस्सी. पुढे करायची नाही. प्रयोगशाळेत माझा जीव रमत नाही, मला शाळेत शिकवायचंय. हे मी कितीतरी दिवस पोटात ठेवलं होतं. तुमचा ग्राफ खाली यायची वाट पाहत थांबले होते, उगाच भलत्या वेळी बोलून वाईट वाटून घ्यायला नको म्हणून. तुम्ही ओट्याशी उभे राहून चहा पीत होता. कप खाली ठेवलात, माझ्याकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, "तुझ्यात चिकाटी नाही. तू आयुष्यात कुठलीही गोष्ट शेवटाला नेणार नाहीस." आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर किती बरं झालं असतं. धाकट्याने सवयीने फ्रिजकडे पाहिलं. मीही पाहिलं. रेषा तळाशी आडवी पडलेली होती. धाकटा ओट्यावरून खाली उतरला आणि बाहेर गेला.

झालं. तुमच्याच नियमाप्रमाणे ते वाक्य तुमचं होतं. शंभर टक्के शुद्ध, आत निकोटीनचा अंशसुद्धा नसलेलं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, हृदयाने, सिगरेट सोडूनही. मधल्या काळात तुम्ही ते वाक्य परत घेतलं नाहीत आणि माझ्यासमोर पुन्हा उच्चारलंही नाहीत. मला बी.एड.चा फॉर्म भरायला तुम्ही पेन दिलंत, प्रवेशपरीक्षेला निघाले तेव्हा बसस्टँडवर सोडायला आलात, खिडकीतून संत्री दिलीत. पण परत घेतलं नाहीत.

आता तुमचा हात कसा होता ते ऐका. मी पहिल्यांदा सिगरेट सोडली तेव्हा तुमची ती वळकटीच डोक्यात होती. आठवडा, फार तर दहा दिवस, मनाशी म्हटलं, एवढं काढायचं. दात-ओठ खाऊन काढले. वर्गात खडू मोडले, मुलांना नको ते बोलले, आईशी भांडले, पण काढले. आणि मग, ज्या दिवशी माझी रेषा तुमच्या हिशेबाने टेकलेली असायला हवी होती, त्याच्या पुढे आठवडा झाला तरी मला सिगरेट हवीच होती. स्टाफरूममध्ये कुणी खुर्ची ओढली तरी रडू येत होतं. मी विचार केला की आता शरीरात काही उरलेलं नाही. पाहुणा गेला, वळकटी गेली. मग हे जे हवं-हवं म्हणतंय ते कोण? ती मीच. म्हणजे बाबांनी ओळखलं होतं तीच, चिकाटी नसलेली. आणि एकदा हे पक्कं झालं की न ओढण्यात अर्थ तरी काय राहिला? पहिल्या झुरक्याबरोबर तुमचं वाक्य तुमच्या आवाजात ऐकू यायचं, कप ठेवल्याच्या आवाजासकट. दरवेळी असंच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी हरायचे, सिगरेटपुढे नव्हे, त्या वाक्यापुढे.

या वेळी एका सरकारी दवाखान्यातल्या तंबाखू सोडवणाऱ्या विभागात गेले. तिथली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची वाटावी अशी, केसांना साधा रबरबँड. मी तिला माझं ज्ञान ऐकवलं. म्हटलं, मेरे पिताजी इसी के साइंटिस्ट थे, मुझे सब पता है, कोटिनीन निकल गया तो विदड्रॉल ख़त्म. ती शांतपणे म्हणाली, "मैम, कोटिनीन तो बस निशान है कि निकोटीन आया था। उसके जाने से ये पता चलता है कि आपने पी नहीं। तलब कब जाएगी, ये उससे नहीं पता चलता।" मग पॅडवर मेंदूचं एक वेडंवाकडं चित्र काढून तिने सांगितलं की निकोटीनची इतक्या वर्षांची ये-जा असली की मेंदू त्याच्यासाठी जास्तीच्या जागा तयार करून ठेवतो, आणि त्या जागा मिटायला आठवडे लागतात. चिडचिड, उदास वाटणं बहुतेकांचं तीन-चार आठवडे, कुणाचं त्याहूनही लांबतं, आणि तलफ तर महिन्यांनीही येऊन जाते. म्हणजे पाहुणा गेला, वळकटी गेली, पण घरात त्याच्या नावाची पानं मांडायची सवय गेलेली नाही. तुमचाच दाखला मी पुढे नेला बघा, आणि तुम्ही तो अर्ध्यावर सोडला होतात! चिकाटी कुणात नव्हती, बाबा?

मी हट्टाने विचारलं की मग कोटिनीनचा स्वतःचा काहीच परिणाम नाही का? ती म्हणाली, "कुछ लोग कहते हैं थोड़ा असर करता है, कोई कहता है तलब दबाता है, कोई कहता है बढ़ाता है। पक्का कुछ नहीं, मैम।" मला तिचा राग आला. तुमच्या पिढीला सगळं पक्कं माहीत होतं, हिच्या पिढीला पक्कं काही नाही, आणि मधल्या मधे मी मेले. मग तिने विचारलं, "चाय कितनी पीती हैं?" मी म्हटलं, सोडल्यापासून जास्तच, हाताला काहीतरी हवं ना. ती हसली. सिगरेटच्या धुरातल्या काजळीमुळे लिव्हर चहा-कॉफीचा निपटाराही भराभर करत असतं. धूर बंद झाला की तोच कप अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस म्हणतो की सिगरेटवाचून होतंय. "आधी कर दीजिए," म्हणजे चहा निम्मा करा. तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या मला तुमचा तो मोठा स्टीलचा थर्मास दिसला. सिगरेट सोडल्यापासून तुम्ही तो दिवसातून दोनदा भरून न्यायचात. तुमच्या ग्राफवर निकोटीन होतं, कोटिनीन होतं, एककं होती, तारखा होत्या. चहा कुठे होता, बाबा? आयुष्यभर दुसऱ्यांच्या शरीरातली विषं मोजलीत आणि स्वतःच्या हातातल्या कपाकडे पाहिलं नाहीत.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी शेअरच्या टेम्पोत बसून अक्षरशः हसत होते. तुमचं ते वाक्य तुमचं नव्हतंच! रेषा टेकली होती, पण तुम्ही सुटला नव्हता. चार-सहा दिवसांनी तुम्ही ऐन तलफेत होता, चहाने थरथरत होता, बिचारे. मी धावत आईकडे गेले. ती उन्हात बसून मटार सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं, मेंदू, पानं, चहा, एका दमात. आणि म्हटलं, "म्हणजे बाबा तेव्हा जे मला बोलले ते त्यांचं नव्हतं गं."

आई एक शेंग फोडून दाणे भांड्यात टाकते. "त्यांचंच होतं," म्हणते.

मला वाटलं तिला कळलं नाही. पुन्हा समजावायला लागले. तिने हाताने थांबवलं. "कळलं मला. मी काय अडाणी आहे का? पण त्यांचंच होतं ते. त्याच दिवशी मलाही म्हणाले, या पोरीत चिकाटी नाही, ही सगळं अर्ध्यावर टाकेल. पुढेही दोन-तीनदा म्हणाले. त्यांना वाटायचं तसं."

"खरंच वाटायचं?"

"वाटायचं. मी म्हटलं, तुमचं चुकतंय. तर म्हणाले, बघू." तिने सालं एका बाजूला केली. "चुकतच होतं त्यांचं. बापाला काहीही वाटतं. वाटलं म्हणजे ते बरोबर असतं होय? इतकी वर्षं ती नववीची पोरं ताळ्यावर आणतेस, ते काय अर्ध्यावर सोडलंस?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू तर फ्रिजकडे बघत उभी राहिलीस." मग भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आता बसलीच आहेस तर सोल. सोयाबीन-मटार करायचाय, तुझा भाऊ शनिवारी येतोय. आला की 'मम्मी वही बनाना' करत बसेल."

मी सोलत बसले. इतका राग मला कधीच आला नव्हता. तिचा नाही, तुमचाही नाही, खरं तर कुणाचा ते अजून कळत नाहीये. इतकी वर्षं मी तुमच्यावर खटला चालवत होते, आणि त्यात दोनच निकाल शक्य होते. एक म्हणजे ते वाक्य तुमचं, म्हणून खरं. दुसरा म्हणजे ते निकोटीनचं, म्हणून खोटं. ते तुमचं असूनही चुकीचं असू शकतं, हा तिसरा निकाल माझ्या डोक्यात शिरलाच नाही. आपल्या घरात चुकायचे ते प्रयोग, नाहीतर यंत्र. बाबा चुकले असं म्हणायची सोयच नव्हती. आईला ती होती, आणि तिने ती एकदाच वापरून पुन्हा कणकेत हात घातला. आणि मी, सायन्सची मास्तरीण, मुलांना सांगते की कोण म्हणालं ते बघू नका, बरोबर आहे का ते बघा. त्यांना हे सांगताना मला एकदाही तुमची आठवण झाली नाही, याचं आता हसू येतं आणि थोबाडीत मारून घ्यावंसंही वाटतं. तुम्ही असता तर आज भांडले असते. आवाज चढवून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, "तुमचं चुकलं, बाबा" असं तोंडावर म्हटलं असतं आणि मग तुम्ही "बघू" म्हणाला असतात. तेवढंही मला मिळायचं नाही. बैल गेला आणि झोपा केला.

आता एक सांगते आणि संपवते. वर लिहिताना 'सोडली आहे' असं लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. काल शाळेतून येताना मी एक घेतली. तलफ आली म्हणून नाही. मला चक्क आनंद झाला होता, तुम्ही चुकला होतात याचा. एवढ्या मोठ्या आनंदाचं काय करायचं ते कळेना. गच्चीत उभी राहून सबंध ओढली. पहिल्या झुरक्यानंतर तुमच्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं नाही. आज सकाळपासून पुन्हा बंद आहे. त्या डॉक्टरला सांगीन, ती रागावणार नाही, नुसतं टिपून घेईल. आईला वासावरून कळलंच असेल. पण इतक्या आठवड्यांनंतरची ती सिगरेट किती सुंदर लागली, ते या दोघींना सांगून उपयोग नाही. ते फक्त तुम्हाला कळलं असतं, बाबा.